सर्व्हर-समूहासाठी विश्वासार्ह एसएसडीची निवड : किंमत, जोखीम आणि सार्वजनिक हित

बंगळूर शहरातील इंदिरानगरच्या वेशीवर, जुन्या मद्रास रस्त्यावरील बैयप्पनहळ्ळी येथे प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजेच सी-डॅकचा, ज्ञान-परिसर आहे. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक देशाला दिला. पुढे ‘परम पद्म’ हा महासंगणक याच बंगळूर केंद्रात उभारण्यात आला. सेकंदाला एक लाख कोटी गणनक्रिया करण्याची क्षमता असलेल्या या यंत्रणेला जून २००३ च्या जागतिक क्रमवारीत १७१ वे स्थान मिळाले होते. तिची मूळ साठवण-क्षमता ५ टेराबाइट होती. आज तळहातावर मावणाऱ्या १.९२ टेराबाइटच्या तीन एसएसडी एकत्र ठेवल्या, तरी ही क्षमता ओलांडली जाते.

मात्र साठवण स्वस्त आणि आटोपशीर झाली म्हणून ती आपोआप विश्वासार्ह होत नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात यूपीआय प्रणालीतून १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भूमी अभिलेख, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, रुग्णालयांतील नोंदी हे सारे आता सर्व्हरवर आहे. अशा सर्व्हरमधील साठवण-उपकरणांची निवड हा केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही. मर्यादित निधी, अपूर्ण माहिती आणि भविष्यातील जोखीम यांचा मेळ घालण्याचा तो आर्थिक प्रश्नही आहे. विज्ञान-तंत्रज्ञान आणि अर्थव्यवस्था या दोन्ही घटकांच्या दृष्टीने विद्यार्थ्यांनी तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एसएसडी झिजते कशी?

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, यामध्ये फिरणारी तबकडी नसते. माहिती ‘नॅन्ड फ्लॅश’ प्रकारच्या अर्धवाहक चिपवर साठवली जाते. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या गटाने हे तंत्र १९८७ मध्ये जगापुढे मांडले. चिपवरील प्रत्येक सूक्ष्म कोशात विद्युतभार अडकवून ठेवला जातो आणि त्या भाराच्या पातळीवरून शून्य की एक हे ओळखले जाते. एका कोशात एकच बिट साठवायचा असेल, तर दोन पातळ्या पुरतात. दोन बिटांसाठी चार, तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या लागतात. या प्रकारांना अनुक्रमे एसएलसी, एमएलसी, टीएलसी आणि क्यूएलसी अशी नावे आहेत. बिट वाढले की प्रति गिगाबाइट किंमत उतरते. परंतु पातळ्यांमधील अंतर कमी होत असल्याने चुकीची शक्यता वाढते आणि कोशाचे आयुष्य घटते.

या चिपचे दुसरे वैशिष्ट्य असे, की तिच्यावर थेट पुनर्लेखन करता येत नाही. शाळेतील पाटीवर एकच अक्षर बदलायचे असले तरी संपूर्ण पाटी पुसावी लागेल, असा नियम कल्पावा. फ्लॅशमध्ये लेखन लहान पानांवर होते, पण पुसणे मोठ्या खंडांतच शक्य असते. त्यामुळे ड्राइव्हमधील नियंत्रकाला उपयुक्त पाने दुसरीकडे हलवून जुने खंड मोकळे करावे लागतात. परिणामी संगणकाने एक गिगाबाइट लिहिण्यास सांगितले, तरी चिपवर प्रत्यक्षात त्याहून अधिक लेखन होते. याला ‘लेखन-विवर्धन’ म्हणता येईल. प्रत्येक लेखन-पुसण चक्रात कोशाची थोडी झीज होते. थोडक्यात, एसएसडी ही घसारा लागू होणारी भांडवली वस्तू आहे. या घसाऱ्याचे प्रमाण कॅलेंडरपेक्षा वापरावर अधिक अवलंबून असते.

विश्वासार्हतेची परिमाणे

एसएसडीच्या माहितीपत्रकात वेगाचे आकडे ठळक अक्षरांत असतात. समूहासाठी निवड करताना मात्र पुढील पाच बाबी अधिक निर्णायक ठरतात.

पहिली बाब सहनशक्तीची. हमीच्या काळात दररोज संपूर्ण ड्राइव्ह किती वेळा लिहिता येईल, हे ‘डीडब्ल्यूपीडी’ या मापाने सांगतात. १.९२ टेराबाइट क्षमता, दररोज एक पूर्ण लेखन आणि पाच वर्षांची हमी असेल, तर एकूण अनुज्ञेय लेखन १.९२ × ३६५ × ५ म्हणजे ३,५०४ टेराबाइट होते. घरगुती संगणकासाठीच्या ड्राइव्हमध्ये हे माप साधारणतः ०.३ च्या आसपास असते, तर सर्व्हर वर्गात १ ते ३ ही मापे प्रचलित आहेत.

दुसरी बाब वीज गेल्यावर मिळणाऱ्या संरक्षणाची. लेखन सुरू असताना काही माहिती नियंत्रकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. सर्व्हर वर्गाच्या बहुतांश ड्राइव्हमध्ये त्यासाठी धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, बसवलेले असतात आणि वीज अचानक गेली तरी ती माहिती चिपवर उतरवण्याइतकी ऊर्जा ते पुरवतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठ आणि एचपी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी पाच उत्पादकांच्या १५ एसएसडींचा वीजपुरवठा मुद्दाम खंडित करून चाचण्या घेतल्या. त्यांपैकी १३ ड्राइव्हमध्ये दोष आढळले. ज्या देशात जनित्र आणि यूपीएस हा प्रत्येक कार्यालयाचा भाग आहे, त्या देशात हा निकष गौण मानता येणार नाही. समूहातील साठवण-प्रणाली प्रत्येक लेखनानंतर ‘माहिती सुरक्षित पोहोचली’ अशी पोच मागते. धारित्रे असलेली ड्राइव्ह ही पोच त्वरित आणि खरेपणाने देऊ शकते. धारित्रे नसलेली ड्राइव्ह एकतर मंदावते किंवा पोच देण्यात घाई करते. यामुळेच घरगुती संगणकावर वेगवान भासणारी ड्राइव्ह समूहात गेल्यावर कमालीची संथ होते.

तिसरी बाब प्रमाणित कसोटीची. अर्धवाहक उद्योगाच्या ‘जेडेक’ या मानक संस्थेने घरगुती आणि सर्व्हर वर्गांसाठी वेगवेगळ्या अटी घातल्या आहेत. घरगुती वर्गाची कसोटी दिवसाला ८ तास आणि ४० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरते, तर सर्व्हर वर्गाची २४ तास आणि ५५ अंश. न सुधारता येणाऱ्या चुकीची कमाल मर्यादा घरगुती वर्गात एकावर पंधरा शून्ये इतक्या बिटांमागे, म्हणजे १२५ टेराबाइट वाचनामागे, एक अशी आहे. सर्व्हर वर्गात ती १,२५० टेराबाइटमागे एक आहे. येथे आणखी एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहनशक्ती संपेपर्यंत वापरलेली ड्राइव्ह वीजपुरवठ्याविना ठेवल्यास माहिती टिकण्याची अपेक्षा घरगुती वर्गात ३० अंशांवर एक वर्ष, तर सर्व्हर वर्गात ४० अंशांवर केवळ तीन महिने आहे. म्हणून सर्व्हरमधून काढलेली जुनी एसएसडी कपाटात ठेवून तिला अभिलेखागार समजणे धोक्याचे आहे.

चौथी बाब अपयशाच्या आकड्याचा अर्थ लावण्याची. ‘दोन अपयशांतील सरासरी काळ २० लाख तास’ असे माहितीपत्रकात छापलेले असते. २० लाख तास म्हणजे सुमारे २२८ वर्षे होतात. यावरून एक ड्राइव्ह २२८ वर्षे चालेल, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. हा आकडा लोकसंख्याशास्त्रातील मृत्युदरासारखा वाचावा लागतो. वर्षाचे ८,७६० तास भागिले २० लाख म्हणजे वार्षिक ०.४४ टक्के. एक हजार ड्राइव्ह असतील, तर वर्षाला चार-पाच निकामी होतील, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा उत्पादकाचा अंदाज आहे, प्रत्यक्ष अनुभव नव्हे.

पाचवी बाब म्हणूनच प्रत्यक्ष वापरातील पुराव्याची. गूगलच्या डेटा केंद्रांतील सहा वर्षांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तबकडीच्या हार्ड डिस्कच्या तुलनेत एसएसडी बदलण्याचे प्रमाण कमी होते. पण पहिल्या चार वर्षांत, मॉडेलनुसार, २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये किमान एक न सुधारता येणारी चूक आढळली. महागड्या एसएलसी ड्राइव्ह नेहमीच्या वापरात एमएलसीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरल्या नाहीत. नेटअ‍ॅप कंपनीच्या यंत्रणांतील सुमारे १४ लाख ड्राइव्हवरील अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात वार्षिक बदलाचे प्रमाण ड्राइव्हच्या कुळानुसार ०.०७ टक्क्यांपासून जवळपास १.२ टक्क्यांपर्यंत बदलत असल्याचे दिसले. याचा अर्थ, ‘एसएसडी विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणते मॉडेल, कोणते फर्मवेअर आणि कोणता वापर?’ असे विचारावे लागते.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, एका संस्थेला ४० ड्राइव्हचा समूह उभारायचा आहे आणि प्रत्येकी क्षमता १.९२ टेराबाइट आहे. एकूण कच्ची क्षमता ७६.८ टेराबाइट होते. वापरकर्ते दररोज १० टेराबाइट नवी माहिती लिहितात. सेफसारख्या मुक्त साठवण-प्रणालीत प्रत्येक माहितीच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणून लेखन ३० टेराबाइट होते. नोंदवही आणि अनुक्रमणिका यांचे अतिरिक्त लेखन धरून ते दुप्पट, म्हणजे ६० टेराबाइट मानू. ६० भागिले ७६.८ म्हणजे दररोज ०.७८ पूर्ण लेखन झाले.

आता दोन निविदा आल्या असे समजू. किमती केवळ हिशेबासाठी गृहीत धरल्या आहेत. पहिली ड्राइव्ह १६,००० रुपयांची आणि ०.३ मापाची, दुसरी ३२,००० रुपयांची आणि १ मापाची. पहिल्या प्रस्तावाचा खर्च ६.४ लाख रुपये, तर दुसऱ्याचा १२.८ लाख रुपये. केवळ न्यूनतम दर पाहिल्यास पहिला प्रस्ताव निम्म्या किमतीत मिळतो. परंतु ०.७८ च्या वापरात त्याची पाच वर्षांची लेखन-मर्यादा सुमारे १.९ वर्षांतच संपते. मर्यादा संपताक्षणी ड्राइव्ह बंद पडत नाही, मात्र उत्पादकाची हमी संपते आणि पुढील जोखीम खरेदीदाराची होते. पाच वर्षे हमीच्या आत राहायचे, तर संपूर्ण संच तीन वेळा घ्यावा लागेल. त्याचा एकूण खर्च १९.२ लाख होतो आणि ८ टक्के दराने वर्तमान मूल्य काढले तरी तो सुमारे १६.७ लाख भरतो. दोनदा ड्राइव्ह बदलण्याचे श्रम आणि त्या काळातील धोका यात धरलेलाच नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. येथे ३ मापाची अधिक महाग ड्राइव्ह घेणे हाही अपव्ययच ठरला असता. कारण गरज ०.७८ ची आहे. विश्वासार्हता म्हणजे सर्वांत महाग वस्तू नव्हे. प्रत्यक्ष लेखनभार मोजून त्याला पुरेशी, थोडी राखीव क्षमता असलेली वस्तू निवडणे म्हणजे विश्वासार्हता होय.

स्वतंत्र जोखीम आणि सामाईक जोखीम

तीन प्रती ठेवल्या की माहिती सुरक्षित झाली, असा सर्वसाधारण समज असतो. एका ड्राइव्हच्या अपयशाची शक्यता शंभरात एक असेल, तर दोन्ही निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत एक, असे गणित मांडले जाते. संभाव्यतेचा हा गुणाकार योग्य आहे, पण तो घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच लागू होतो. पीक विम्याचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना हा भेद परिचित असेल. एका शेतकऱ्याच्या विहिरीचा पंप बिघडणे ही स्वतंत्र जोखीम आहे. १९७२ चा दुष्काळ ही सामाईक जोखीम होती आणि तिने जिल्हेच्या जिल्हे एकाच वेळी ग्रासले. शेजाऱ्याकडून उसनवारी पहिल्या प्रसंगी उपयोगी पडते, दुसऱ्या प्रसंगी शेजारीही त्याच संकटात असतो.

एसएसडीच्या बाबतीत असा दुष्काळ फर्मवेअरमधून येऊ शकतो. फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हच्या नियंत्रकात बसवलेली आज्ञावली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने ग्राहकांना सूचना दिली, की तिच्या काही सर्व्हर वर्गीय एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास, चालल्यानंतर निकामी होतील आणि त्यांतील माहितीही परत मिळणार नाही. उपाय एकच, फर्मवेअर वेळेत अद्ययावत करणे. मार्च २०२० मध्ये अन्य काही मॉडेलांबाबत ४०,००० तासांची अशीच सूचना निघाली. ३२,७६८ ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात होय. एकाच दिवशी सुरू केलेल्या समूहातील अशा सर्व ड्राइव्ह जवळपास एकाच तासाला बंद पडल्या असत्या आणि तीन प्रती असूनही एकही उरली नसती. येथे कंपनीने दोष वेळेत उघड केला, ही बाब नोंदवली पाहिजे. सूचना वाचून कृती करणारा जबाबदार अधिकारी खरेदीदाराकडे असणे तितकेच आवश्यक असते.

यावरून निवडीची तीन सूत्रे निघतात. शक्य असेल तर समूहात दोन उत्पादकांच्या किंवा किमान दोन वेगळ्या खेपांच्या ड्राइव्ह असाव्यात. एकाच माहितीच्या प्रती एकाच सर्व्हरवर, एकाच कपाटात वा एकाच वीजवाहिनीवर नसाव्यात. आणि फर्मवेअर अद्ययावत करण्याची जबाबदारी, तिच्या वेळापत्रकासह, करारातच लिहिलेली असावी. दोन प्रकारच्या ड्राइव्ह सांभाळण्याचा खर्च थोडा अधिक येतो, परंतु तो विम्याच्या हप्त्यासारखा आहे.

अपूर्ण माहितीचा बाजार

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. म्हणून ग्राहक सरासरी किंमतच देऊ पाहतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. या कार्यासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. एसएसडीचा बाजार या सिद्धान्ताचे आधुनिक उदाहरण आहे. बाहेरून सर्व ड्राइव्ह सारख्याच दिसतात. घरगुती वर्गातील काही मॉडेलांत नाव तेच ठेवून आतील चिप वा नियंत्रक बदलल्याची उदाहरणे २०२१ मध्ये जगभर चर्चेत आली होती. स्पेन्स यांनी सांगितलेला ‘संकेत’ येथे हमीच्या रूपाने दिसतो. लेखन-मर्यादेसह पाच वर्षांची हमी देणारा उत्पादक स्वतःच्या पैशाने दर्जाची ग्वाही देत असतो. मात्र ही हमी ड्राइव्हची किंमत भरून देते. तिच्यातील माहितीची किंमत कोणीही भरून देत नाही.

या माहिती-विषमतेवर सार्वजनिक खरेदीत उपाय आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ नुसार वस्तूचे वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येण्याजोगे असावे व शक्यतो विशिष्ट व्यापारनामाची मागणी करू नये. त्यामुळे ‘अमुक कंपनीची उत्तम एसएसडी’ असे लिहिता येत नाही आणि ‘२ टेराबाइट एसएसडी, ४० नग’ एवढेच लिहिल्यास न्यूनतम दराची घरगुती ड्राइव्ह नाकारण्यास आधार राहत नाही. योग्य तपशील पुढीलप्रमाणे असू शकेल : दररोज किमान एक पूर्ण लेखन, पाच वर्षे, वीज खंडित झाल्यास धारित्राधारित पूर्ण संरक्षण, जेडेकच्या सर्व्हर वर्गाच्या कसोटीस पात्र, पुरवठ्याच्या काळात चिप वा नियंत्रक पूर्वसूचनेविना न बदलण्याची लेखी हमी, आणि स्वीकृतीपूर्वी नमुना ड्राइव्ह पूर्ण भरून, दीर्घकाळ सलग लेखनाखाली घेतलेली चाचणी. नवी, रिकामी ड्राइव्ह पहिल्या काही मिनिटांत नेहमीच वेगवान असते. म्हणून शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. या सर्व अटी कोणत्याही उत्पादकाला खुल्या आहेत आणि तरीही दर्जाचे रक्षण करतात.

प्रती आणि बॅकअप यांतील अंतर

उत्तम ड्राइव्ह, तीन प्रती आणि काटेकोर करार असूनही एक गोष्ट उरते. चुकून पुसलेली धारिका तिन्ही प्रतींतून एकाच क्षणी पुसली जाते. आग संपूर्ण केंद्राला लागते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटरीपासून आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणाऱ्या प्रणालीतील ८५८ टेराबाइट माहितीचा बाहेर कोठेही बॅकअप नव्हता. ती नष्ट झाली. तंत्रज्ञानात अग्रेसर आणि स्वतः फ्लॅश चिपचा प्रमुख उत्पादक असलेल्या देशात हे घडले, हे विसरता कामा नये. म्हणून समूहाच्या अंदाजपत्रकात दूरच्या शहरातील वेगळ्या बॅकअपची तरतूद पहिल्याच दिवसापासून असावी आणि तो परत वाचून पाहण्याची नियमित कवायतही व्हावी.

कायद्याची दिशाही हीच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील ‘उल्लंघना’च्या व्याख्येत माहिती चोरीला जाण्याबरोबरच ती अपघाताने नष्ट होणे आणि तिच्यापर्यंत पोहोचता न येणे यांचाही समावेश आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या अधिनियमात आहे. स्वस्त ड्राइव्हमुळे वाचलेली रक्कम या पार्श्वभूमीवर तोलावी लागेल.

पुरवठ्याचा प्रश्न

नॅन्ड चिपचे जागतिक उत्पादन दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका आणि चीन येथील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. जून २०२३ मध्ये गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉन कंपनीच्या २.७५ अब्ज डॉलरच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तो स्मृती-चिपच्या जुळणी व चाचणीचा प्रकल्प आहे, वेफरवर चिप घडवण्याचा नाही. दुसरीकडे, २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून सी-डॅक आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी देशभर महासंगणक उभारले. सी-डॅकच्या बंगळूर केंद्रातील ८३८ टेराफ्लॉप क्षमतेचा ‘परम उत्कर्ष’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यासह तीन शहरांत राष्ट्रार्पण झालेले ‘परम रुद्र’ संगणक ही त्याची उदाहरणे होत. संगणनाची स्वदेशी क्षमता वाढत असताना साठवणीच्या चिपबाबत परावलंबन मात्र कायम आहे. ते असेपर्यंत सुज्ञ खरेदीदार असणे हेच देशाचे मुख्य सामर्थ्य राहील. त्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ, अपयशाच्या नोंदी ठेवण्याची शिस्त आणि त्या नोंदी शासकीय संस्थांनी परस्परांना उपलब्ध करून देण्याची व्यवस्था हवी. ज्या संस्थेकडे स्वतःच्या ड्राइव्हचा पाच वर्षांचा इतिहास आहे, तिला विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबावे लागत नाही.

सर्व्हरच्या कपाटातील ड्राइव्ह नागरिकाला कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो वेळेवर जमा झालेला शिष्यवृत्तीचा हप्ता किंवा ‘नोंद सापडत नाही’ हा शेरा. या दोन्हींतील अंतर अनेकदा निविदेच्या तांत्रिक परिशिष्टातील चार ओळींवर अवलंबून असते. उद्या प्रशासनात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना अशा परिशिष्टांवर स्वाक्षरी करावी लागेल. त्या ओळींचा अर्थ समजून घेणे हा त्यांच्या भावी कर्तव्याचाच भाग आहे.